प्रेरीवरचे १६० एकर : अर्जापासून मालकीच्या कागदापर्यंत

२० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. कायद्याचा गाभा साधा होता. सरकारी जमिनीतले १६० एकर घ्या, पाच वर्षं तिथे राहून ती कसा, मग ती तुमची. 'फुकट जमीन' हा शब्द यातूनच पसरला आणि त्याच शब्दाने पुष्कळांची फसगतही झाली. जमीन फुकट मिळायची, पण तिच्यातलं पहिलं विकण्याजोगं पीक हाती येईपर्यंत दीड-दोन वर्षं बायकापोरांसकट जगायला पैसे लागत.

हा लेख या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी आहे. होमस्टेडर, म्हणजे या कायद्याखाली जमीन घेणारा माणूस, नेमकं काय करत असे, कोणत्या महिन्यात आणि का, हे इथे कामाच्या क्रमाने दिलं आहे. समजा वर्ष १८७९ आहे, ठिकाण अमेरिकेतल्या प्रेरीवरचं, म्हणजे जवळजवळ झाडं नसलेल्या गवताळ मुलखातलं, नेब्रास्का राज्याच्या मध्यभागी असलेलं लूप नद्यांचं खोरं, आणि कुटुंब नवरा-बायको व तीन मुलांचं. कॅन्सस किंवा डकोटात तपशील थोडे बदलतील, क्रम तोच राहील. सांगायचं ते मुख्यतः या क्रमाबद्दलच आहे. मेहनत तिथे सगळेच करत होते. बुडाले त्यातले बरेचजण चुकीच्या महिन्यात चुकीच्या कामाला लागल्यामुळे बुडाले.

सुरुवातीलाच एक खुलासा. सरकारी नकाशावर 'मोकळी' दिसणारी ही जमीन मोकळी नव्हती. लूपचं खोरं म्हणजे पॉनी या मूळनिवासी अमेरिकन लोकांचा मुलूख. करारांमागून करार करत त्यांना आधी एका राखीव पट्ट्यात आवळलं आणि १८७०च्या दशकाच्या मध्यात दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात हलवलं. म्हणजे आपलं कुटुंब तिथे पोचलं, तेव्हा पॉनींना जाऊन जेमतेम चार-पाच वर्षं झाली होती.

निघण्याआधी

सामानात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे औताची जनावरं. पहिल्या वर्षी बैल घ्यावेत, घोडे नकोत. घोडा वेगाने चालतो, पण कामाच्या दिवसांत त्याला धान्य लागतं आणि पहिल्या वर्षी धान्य विकतचं असतं. बैल नुसत्या प्रेरीच्या गवतावर काम करतो, चिखलात अडकला तरी बिथरत नाही, आणि अगदीच वेळ आली तर खाताही येतो. सोबत एक दुभती गाय. बाकी गाडी, नांगर, दोन कुऱ्हाडी, फावडं, मोठा गिरमिट, करवत, कानस, दोर, बिडाची शेगडी आणि तिचं नळकांडं, पाण्याची दोन पिंपं. खिडक्यांच्या तयार चौकटी काचेसकट रेल्वेच्या शेवटच्या गावात घ्याव्यात, पुढे मिळत नाहीत.

खाण्याचा हिशेब पिठावरून करतात. पिठाचं एक पिंप १९६ पौंडांचं, म्हणजे सुमारे ८९ किलोचं असतं आणि एका मोठ्या माणसाला ते साधारण वर्षभर पुरतं. दोन मोठी माणसं आणि तीन मुलं धरली, तर पहिल्या हिवाळ्यापर्यंत दोन पिंपं तरी जवळ हवीत. शिवाय मक्याचं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस, काकवी, मीठ, वाळवलेला घेवडा, आणि हिवतापासाठी क्विनाइन. कॉफी परवडली नाही की राय किंवा गहू करपेपर्यंत भाजून त्याचा काढा पीत.

जमीन निवडणं : आधी पाणी, मग माती

सगळी जमीन सरकारने चौकोनांत मोजलेली होती. सहा मैल बाय सहा मैलांची एक टाउनशिप, तिच्यात एक चौरस मैलाचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शन ६४० एकरांचा. त्याचा पाव हिस्सा म्हणजे १६० एकर, अर्ध्या मैलाच्या बाजूचा चौकोन. हेक्टरमध्ये सुमारे ६५. नेब्रास्कात १६ आणि ३६ क्रमांकाचे सेक्शन शाळांसाठी राखून ठेवलेले असत. रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांना एकाआड एक सेक्शन रेल्वे कंपनीचे. ते विकतच घ्यावे लागत. या पट्ट्यातल्या उरलेल्या सरकारी सेक्शनांत पूर्वी ८० एकरच मिळत. १८७९ मध्ये ती अट उठली आणि तिथेही पूर्ण १६० मिळू लागले. आपलं कुटुंब याच वर्षी निघालंय, हे त्याचं नशीब.

कोपऱ्यांच्या खुणा शोधणं हे पहिलं काम. मोजणीदारांनी कोपऱ्यावर दगड किंवा खुंट रोवून भोवती खड्डे आणि मातीचे उंचवटे केलेले असत. गवत कमरेएवढं वाढलं की ते दिसत नाहीत. एक खूण सापडली की दुसरी गाडीच्या चाकाने काढतात. मागच्या चाकाच्या एका आऱ्याला फडकं बांधायचं. चाकाचा घेर मोजून घ्यायचा, तो बहुधा १४ फुटांच्या आसपास भरतो. अर्धा मैल म्हणजे २,६४० फूट, म्हणजे साधारण १८८ फेरे. एकाने होकायंत्र धरून सरळ रेषेत हाकायचं, दुसऱ्याने फडकं वर आलं की मोजायचं. १८८ झाले की थांबून आजूबाजूच्या गवतात खड्डे शोधायचे. हे न करता अंदाजाने घर बांधलं आणि मग ते शेजारच्या चौकोनात निघालं, तर सगळं पुन्हा बांधावं लागतं.

आता निवड. नवखा माणूस सपाट, उंचावरची काळी जमीन बघून भुलतो. ती खरंच चांगली असते, पण तिथे पाणी शे-दीडशे फूट, कधी त्याहूनही खोल असतं. ओढ्याचा एखादा कोपरा, थोडी कुरणाची सखल जमीन आणि बाकी नांगरता येईल अशी चढाची, असा तुकडा मिळाला तर बाजारापासून पाच मैल लांब असला तरी घ्यावा. चांगले ओढे आधी आलेल्यांनी धरलेले असतात, हे खरं. मग निदान शेजाऱ्याच्या ओढ्यापर्यंत उताराचा रस्ता आहे का, ते बघावं.

आणखी एक गोष्ट जमिनीवर दिसत नाही, ती म्हणजे रेखांश. १००व्या पश्चिम रेखांशाच्या आसपास वर्षाचा पाऊस २० इंचांपर्यंत, म्हणजे ५०० मिलिमीटरच्या आसपास उतरतो. आपल्याकडच्या माण-खटावची आठवण यावी इतका. त्याच्या पश्चिमेला नुसत्या पावसावरची शेती जुगार ठरते, असं अमेरिकन भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल यांनी १८७८च्या सरकारी अहवालात स्पष्ट सांगितलं होतं. पण त्याच सुमाराला 'नांगरामागे पाऊस येतो', जमीन नांगरली की हवामान बदलतं, असं सांगणारे लोकही होते. १८८०च्या दशकात पाऊस बरा पडला, म्हणून लोकांनी पॉवेलऐवजी यांच्यावर विश्वास ठेवला. १८९० आणि १८९४च्या दुष्काळांनी हिशेब चुकता केला. जमीन जितकी पूर्वेला मिळेल तितकी बरी.

कचेरीतला अर्ज

अर्ज सरकारी जमीन कचेरीत करायचा. अर्जदार कुटुंबप्रमुख किंवा २१ वर्षांचा पूर्ण हवा. नागरिक नसला तर नागरिक होण्याचा इरादा लिहून दिलेला हवा. १८६२च्या मूळ कायद्यात त्याने अमेरिकेविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं, अशीही अट होती. अविवाहित, विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या बायकांना स्वतःच्या नावावर अर्ज करता येत असे आणि अनेकींनी तो केलाही. नांदत्या बायकोला मात्र वेगळा तुकडा मिळत नसे. मुक्त झालेले कृष्णवर्णीयही या कायद्याखाली आले. कॅन्ससमधलं निकोडेमस हे १८७७ साली त्यांनी वसवलेलं गाव.

फी सगळी मिळून साधारण १८ डॉलर, त्यातली बरीचशी अर्जाच्या वेळीच भरायची. चौकोनाचं वर्णन कागदावर बरोबर उतरलंय ना, हे कारकुनासमोरच दोनदा वाचावं. 'नैर्ऋत्य पाव' ऐवजी 'वायव्य पाव' लिहिलं गेलं, तर तुम्ही पाच वर्षं दुसऱ्याच्याच जमिनीवर राबाल. अर्जानंतर सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष राहायला जायला हवं. नंतरही सलग सहा महिन्यांहून जास्त गैरहजर राहिलात, तर कोणीही 'जमीन सोडून दिली' म्हणून हरकत घेऊ शकतो. अशा हरकती घेण्यासाठी टपून बसलेले लोक होते.

पहिला नांगर

मे महिन्याच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचे चार-पाच आठवडे, या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे. प्रेरीचं गवत या काळात जोमात वाढत असतं. तेव्हा उलटलं तर मुळं कुजतात. एप्रिलमध्ये उलटलं तर पुन्हा फुटतं, जुलैत जमीन दगडासारखी होते. म्हणून या आठवड्यांत घर बांधत बसू नये. कुटुंबाने गाडीच्या छपराखाली किंवा तंबूत राहावं आणि बैल नांगरालाच जुंपावेत. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं आणि इथेच पहिलं वर्ष वाया जातं.

नांगर पोलादी हवा, लांब आणि हळूहळू वळणाऱ्या पंखाचा, पुढे गवत कापणारं चाक किंवा सुरी असलेला. जॉन डिअर यांनी १८३७ मध्ये पोलादी फाळाचा नांगर केला, तो याच चिकट, मुळांनी भरलेल्या मातीसाठी. खोली फक्त दोन ते तीन इंच. खोल नांगरलं तर पट्टा जाड येतो, उलटल्यावर नीट बसत नाही, त्याखाली हवा राहते आणि मुळं कुजण्याऐवजी वाळतात. फाळाला दर थोड्या तासांनी कानस लावावीच लागते. मुळं तुटताना कापड फाटल्यासारखा आवाज येत राहतो. आवाज दबला की फाळ बोथट झाला म्हणून समजावं.

१४ इंची फाळाने एक एकर नांगरायचा म्हणजे सात मैलांहून थोडी जास्तच चाल. बैलांच्या दोन-तीन जोड्या असल्या तर दिवसाला दीड-दोन एकर होतो, एकाच जोडीला एकरही जड जातो. स्वतःची जनावरं कमी असली तर एकरी सुमारे तीन डॉलर देऊन नांगरून घेत, किंवा शेजाऱ्याशी सावड करत. पहिल्या वर्षी दहा एकर उलटले तरी चांगलं काम झालं म्हणायचं.

या ताज्या पट्ट्यांत लगेच मका लावतात. मशागत नाही, काही नाही. कुऱ्हाडीने उलटलेल्या पट्ट्यात फट पाडायची, दोन-तीन दाणे टाकायचे, टाचेने दाबायचं. हे काम मुलं करतात. बटाटे तर पट्ट्याखालीच ठेवून देत. पीक बेताचंच येतं, पण गायीला कडबा आणि घरात मक्याचं पीठ मिळतं. ऑगस्टअखेर-सप्टेंबरात, कुजलेले पट्टे पुन्हा, या वेळी थोडे खोल नांगरून पालटतात. गहू त्यानंतर. १८७४ साली रशियातून आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी कॅन्ससमध्ये टर्की रेड हा गहू आणला. शरद ऋतूत पेरायचा, बर्फाखाली राहून उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकणारा. नेब्रास्कातही पुढे तो चांगलाच रुजला.

गवताचं घर

जूनच्या मध्यानंतर घर. लाकूड नाही, दगड नाही, वीटभट्टीला जळण नाही. म्हणून घर जमिनीच्याच सालीचं. या सालीला सॉड म्हणतात, म्हणजे मुळांनी घट्ट विणला गेलेला मातीचा थर. ज्यांना घाई असे ते आधी घळीच्या कडेत खोदून डगआउट करत. त्याची पुढची भिंत फक्त सॉडची. पण डगआउटचं छप्पर जमिनीच्या पातळीत असतं, आणि गाय चरत चरत त्यावर आली की पाय आत येतो. पहिला हिवाळा काढायला ठीक, पाच वर्षांसाठी नाही.

सॉड कुठून कापायचा? जिथे गवत दाट आणि मुळं बारीक आहेत, तिथून. सखल ओलसर जागेतलं जाड पात्याचं गवत, उंच ब्लूस्टेम किंवा बुटकं बफेलो गवत, कोणतंही चालतं, पण माती रेताड असली तर सॉडची कापलेली वीट उचलताच सुटते. आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर उत्तम. कापण्यासाठी वेगळा नांगर मिळतो. पंखाऐवजी त्याला लोखंडी सळ्या असतात, त्यामुळे पट्टा न तुटता अलगद उलटतो. पट्टा एक फूट ते दीड फूट रुंद, चार इंच जाड. तो धारदार फावड्याने दोन ते तीन फुटांच्या लांबीत तोडायचा. एक वीट वीस-पंचवीस किलोची भरते. एका दिवसात रचता येतील तेवढ्याच कापायच्या. रात्रभर उघड्यावर राहिल्या की कडा वाळतात, रचताना फुटतात आणि सांधे बसत नाहीत. १६ बाय २० फुटांच्या घराला साधारण अर्ध्या एकराची साल लागते असं धरतात, त्यात फुटतूट आणि छप्पर आलं.

जागा सपाट करून, ठोकून घ्यायची. विटा गवताची बाजू खाली ठेवून रचायच्या, दोन ओळी शेजारी शेजारी, म्हणजे भिंत दोन ते अडीच फूट जाड होते. वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ द्यायचे नाहीत. दर तिसऱ्या थराला विटा आडव्या टाकायच्या, म्हणजे आतली आणि बाहेरची ओळ एकमेकींना धरून राहतात. हा आडवा थर विसरला की पहिल्याच पावसाळी आठवड्यात भिंतीचं पोट सुटतं. फटींत मोकळी माती ठोकून भरायची, नाहीतर उंदीर त्याच वाटेने येतात.

दाराखिडक्यांच्या चौकटी भिंत वर जात असतानाच उभ्या करतात आणि गिरमिटाने भोकं पाडून लाकडी खुंट्या थेट सॉडमध्ये ठोकतात. आता सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट. ओली भिंत वाळताना आपल्याच वजनाने सहा-आठ इंच खाली बसते. म्हणून खिडकीच्या चौकटीवर तेवढी मोकळी फट सोडायची, तिच्यात गवत किंवा चिंध्या कोंबायच्या, आणि वरचं वजन आडव्या फळ्यांवर घ्यायचं. फट सोडली नाही तर भिंत बसताना चौकट मुरगळते आणि शहरातून जपून आणलेली काच तडकते. खिडकीच्या आतल्या बाजूला भिंत तिरकी कापून तोंड रुंद करायचं, नाहीतर दोन फूट जाडीतून उजेड येतच नाही. त्या खोल कोनाड्यात मग बायका फुलझाडांचे डबे ठेवत, मुलं अभ्यासाला बसत.

छप्पर हा या घराचा खरा दुखरा भाग. दोन टोकांना दुबेळक्याच्या मेढी, त्यावर मांडीएवढं जाड आढं, बहुधा कॉटनवुडचं किंवा घळीतल्या सीडरचं. आढ्यावरून भिंतीपर्यंत वासे, वाशांवर विलोच्या फांद्या, फांद्यांवर गवत, आणि त्यावर थोडा पातळ कापलेला सॉड, पहिला थर गवत खाली करून. पाखं जास्त उतरती केली तर सॉड घसरतो, सपाट केली तर पाणी मुरतं. मराठवाडा-खानदेशातलं धाब्याचं घर ज्यांना माहीत आहे, त्यांना ही पंचाईत सांगायला नको. फरक एवढाच की धाब्यावर दरसाल पांढरी माती चढवून ती चोपतात, आणि प्रेरीवर तसली माती हाताशी नव्हती. बाहेर दोन दिवस पाऊस पडला, तर आत तिसऱ्या दिवशीही गळत राही. स्वयंपाक करताना तव्यावर कोणीतरी छत्री धरायचं, हे थट्टेने सांगत नसत. ओलं छप्पर काही टन वजनाचं होतं. बारीक आढं घातलेली घरं रात्रीतून खाली आली आहेत. आढ्याच्या मधोमध एक खांब द्यावा. खोलीत अडचण होते, होऊ द्या.

आतून भिंती फावड्याने तासून चिकणमाती आणि राखेचा गिलावा, जमलं तर चुना. छताखाली मलमलीचं कापड ताणून बांधतात. गळणारी माती, उंदीर आणि मधूनच एखादा साप त्यात अडकतो. जमीन ठोकलेल्या मातीची. एवढं सगळं झालं की हे घर हिवाळ्यात उबदार, उन्हाळ्यात थंड आणि प्रेरीच्या वणव्यात न जळणारं असतं. लाकडी फळ्या आणि डांबरी कागदाच्या खोपटाला हे जमत नाही, ते दिसायला कितीही टापटीप असो.

पाणी

विहीर होईपर्यंत पिंपांनी पाणी आणावं लागतं. एक हिशेब करून ठेवावा. काम करणारा बैल उन्हाळ्यात दिवसाला ४०-५० लिटर पाणी सहज पितो. दोन बैल आणि एक गाय मिळून एका मोठ्या पिंपातलं, १९० लिटरांतलं, तीन-चतुर्थांश पाणी संपवतात. म्हणून जनावरं रोज ओढ्यावर न्यायची आणि पिंप फक्त माणसांसाठी ठेवायचं. पिंपावर ओलं गोणपाट टाकावं, तोंड झाकलेलं हवं. टायफॉइड प्रेरीवर डॉक्टरच्या आधी पोचत असे.

विहीर घराच्या वरच्या अंगाला, गोठ्यापासून दूर खणायची. व्यास तीन-चार फूट. वर रहाट, एकजण खाली, एकजण वर. दोन धोके. वाळूचा थर लागला की कडा ढासळतात, त्यामुळे तिथे फळ्यांचा साचा उतरवल्याशिवाय पुढे खणायचं नाही. दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे तळाशी साचणारा जड वायू. रोज सकाळी उतरण्याआधी पेटता कंदील दोराने तळापर्यंत सोडायचा. तो विझला, तर माणसाने उतरायचं नाही. झाडाच्या फांद्यांची जुडी दोराने वरखाली करून हवा हलवायची, मग पुन्हा कंदील. बेशुद्ध पडलेल्याला काढायला घाईने उतरलेला दुसराही तिथेच राहतो.

पवनचक्की पुढे येते. डॅनिएल हॅलाडे यांची वाऱ्याप्रमाणे स्वतः वळणारी चक्की १८५४ची, पण बेताच्या कुटुंबाला ती पाच-सात वर्षांनीच परवडे.

चुलीत काय घालायचं

सुरुवातीला रानात पडलेल्या गव्यांच्या, म्हणजे बायसनच्या वाळक्या शेण्या गोळा करत, ते संपल्यावर गायीगुरांच्या. आपल्याकडच्या गोवरीसारखी ती थापावी लागत नाही, वाळलेली मिळते तशीच पोत्यात. भरभर जळते, वास फारसा नाही, राख मात्र ढीगभर. नवीन आलेल्या बायका आधी चिमट्याने उचलत, मग फडक्याने, आणि महिनाभरात हाताने उचलून तेच हात झटकून पिठात घालत.

शेण्या कमी पडल्या की गवत. सखल जागेतलं लांब गवत मूठभर घेऊन सुंभ वळावा तसा पीळ द्यायचा. तो आपोआप दुमडायला लागला की दोन टोकं एकत्र करून आत खोचायची. हातभर लांबीची घट्ट वेठ होते. सैल वळलेली क्षणात भडकून जाते. कडक थंडीत एकाने वळत राहायचं आणि दुसऱ्याने शेगडीत घालत राहायचं, असं दिवसभर चालतं. मुलांची हिवाळ्यातली शाळा बुडते ती बहुतेक यापायी. मक्याची बुरकुंडं सर्वांत चांगली, आणि भाव पडलेल्या वर्षांत लोकांनी कणसंच जाळली आहेत, कारण विकून कोळसा घेण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं.

गवत कापायचं जुलै-ऑगस्टमध्ये. जनावरामागे दोन टन वैरण धरावी, जळणाचं गवत वेगळं. गंज्या घराला चिकटून लावू नयेत. त्याचं कारण पुढे आहे.

रोकड

पहिल्या दोन वर्षांत पैसा शेतातून येत नाही. रानात विखुरलेली बायसनची हाडं गोळा करून रेल्वे ठाण्यावर नेली, तर टनाला पाच ते दहा डॉलर मिळत. ती खतासाठी आणि साखर शुद्ध करण्यासाठी पूर्वेला जात. नवरा रेल्वेच्या कामावर किंवा पूर्वेकडच्या कापणीला जाई. त्या महिन्यांत जमिनीवर 'राहणं' बायको आणि मुलांनीच चालू ठेवलेलं असे. कायद्याने अर्जदार नवरा, पण वास्तव्याची अट प्रत्यक्षात तिने पाळलेली.

आणि नियमित रोकड म्हणाल तर ती लोण्या-अंड्यांची. दुकानदार लोण्याच्या बदल्यात मीठ, साखर, कापड देतो. उन्हाळ्यात लोणी विहिरीत दोराने लटकवून ठेवतात. बाजारात नेताना ओल्या फडक्यात गुंडाळून पहाटे निघायचं, दुपारच्या उन्हात निघालं की तूप होऊन पोचतं.

आग, बर्फ, टोळ

वणवा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. गवत वाळलेलं, वारा मोकळा. घर, गोठा आणि गंज्यांभोवती नांगराच्या तीन-चार चरांचा एक पट्टा काढायचा, त्याच्या बाहेर पन्नासेक फुटांवर दुसरा, आणि वारा पडलेल्या संध्याकाळी मधलं गवत जाळून टाकायचं. ओली गोणपाटं हाताशी ठेवून. नुसता एकच पट्टा पुरत नाही, ठिणग्या तो ओलांडतात.

हिवाळ्यासाठी घर आणि गोठा यांच्यामध्ये कमरेच्या उंचीवर दोर बांधायचा, तोही ऑक्टोबरातच. ब्लिझर्डमध्ये, म्हणजे हिमवादळात, बर्फ पिठासारखं बारीक उडतं, हात लांब केला तर तळवा दिसत नाही. १२ जानेवारी १८८८ची दुपार यासाठीच लक्षात राहिली. सकाळ अनपेक्षित उबदार होती, लोक जाड कोट न घालता बाहेर पडले होते, मुलं शाळेत होती. मग काही मिनिटांत वादळ आलं. नेब्रास्का-डकोटात मिळून सुमारे २३५ माणसं गेली, त्यांत शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुलं. वादळात मुलांना शाळेतच ठेवावं, बाकं जाळावी लागली तरी.

टोळांना उपाय नव्हता, फक्त नुकसान वाटून घेता येई. १८७४ च्या उन्हाळ्यात रॉकी माउंटन टोळ आले, तेव्हा गव्हाची कापणी बऱ्याच ठिकाणी उरकली होती आणि मका उभा होता. गहू वाचला, मका गेला. म्हणून सगळी जमीन एकाच पिकाखाली ठेवू नये. भाज्यांवर पांघरुणं टाकली, तर टोळ आधी पांघरुणं खातात. कांदे जमिनीखालून पोखरून नेतात. अवजारांच्या दांड्यांवर घामाचं मीठ असतं, तेही कुरतडतात. त्यांनी अंडी घातलेली जमीन शरद ऋतूत खोल नांगरावी, म्हणजे पुढच्या वसंतातली पिल्लं कमी होतात. २०२०च्या मे महिन्यात विदर्भात टोळधाड आली, ती वेगळ्या जातीची होती. प्रेरीचा हा टोळ १९०२ नंतर जिवंत दिसलेला नाही.

पाच वर्षांनी

पाच वर्षं पूर्ण झाली की पुढच्या दोन वर्षांत ताबा सिद्ध करायचा. आधी कचेरीला कळवायचं, मग स्थानिक वर्तमानपत्रात नोटीस द्यायची, तीत चार साक्षीदारांची नावं, त्यांतल्या दोघांनी प्रत्यक्ष हजर राहायचं. प्रश्न ठरलेले असतात. पहिल्यांदा राहायला कधी आलात, घर किती बाय किती, खिडक्या-दारं किती, किती एकर नांगराखाली, कोणत्या वर्षी काय पेरलं, किती दिवस बाहेर होतात आणि का. म्हणून पहिल्या दिवसापासून एका वहीत तारखा टिपून ठेवाव्यात. साक्षीदाराने 'बारा एकर' आणि तुम्ही 'वीस एकर' सांगितले की कागद अडकतो. दोन्ही साक्षीदार जवळचे शेजारी हवेत, आणि बहुधा त्यांच्या वेळी तुम्हीच साक्षीदार असता.

थांबायचं नसेल तर सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरूनही जमीन नावावर करता येई. सट्टेबाजांनी याच पळवाटेचा फायदा घेतला. चाकांवरचं एकच खोपटं चौकोनाचौकोनांवर फिरवून 'इथे घर आहे' म्हणून शपथा घेतल्या जात.

मालकीचा कागद, म्हणजे पेटंट, वॉशिंग्टनहून येतो आणि त्याला महिनोन्‌महिने लागतात. तो आला की आधी काउंटीच्या कचेरीत नोंदवून घ्यायचा. आपल्या सातबाऱ्यासारखं, नाव चढेपर्यंत काही खरं नाही. जमीन आपली झाली की तिच्यावर कर सुरू होतो आणि कर्जही मिळतं. कर्ज देणाऱ्यांचे दलाल बहुधा कागदाच्या आधीच दारात आलेले असतात. नवी विहीर किंवा नांगरासाठी थोडं घेतलं तर फिटतं. शेजारचा चौकोन घेण्यासाठी पूर्ण १६० एकर गहाण टाकायचे असतील, तर आधी आपला रेखांश बघावा.